बाहेर ३८ अंश, फरशीखाली बर्फ: जमीन गोठली की पाया का उचलला जातो?

कल्याणहून दुर्गाडी पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं, की कोनगावपासून पुढे गोदामंच गोदामं लागतात. रात्री अकरा वाजता आपण मोबाईलवरून मागवलेलं आइस्क्रीम किंवा फ्रोझन मटार अशाच कुठल्यातरी शेडमधून निघालेलं असतं. मी डोंबिवलीत राहतो आणि या पट्ट्यातल्या एका कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर लिहितो. नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती निम्मी माझीच आहे.

काम तसं साधं आहे. ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर दर पाच मिनिटांनी तापमान पाठवतात, ते डॅशबोर्डवर दिसतं, आणि मर्यादा ओलांडली की मॅनेजरच्या मोबाईलवर अलर्ट जातो. मुख्य हॉल उणे २२ अंशांवर चालतो. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, आत नऊ मीटर उंच रॅक.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आत एक सेन्सर बदलायला गेलो होतो. बाहेर ३८ अंश, आत जॅकेट घालूनही दात वाजत होते. तिथे रीच ट्रक चालवणारे एक काका आहेत, मुरबाडकडचे. त्यांनी मला थांबवलं.

"साहेब, इथं गाडी चढते."

"काका, फरशी तर सपाट आहे."

"आता नाही ना. दिवाळीच्या आधी होती."

मी हसलो आणि निघून आलो. ऑगस्टमध्ये त्याच रांगेतला एक रॅक वरून कललेला दिसला आणि मधल्या पार्टिशनचा सरकता दरवाजा खाली घासायला लागला. सर्व्हेयरने लेव्हल लावून मोजलं, तर हॉलच्या मध्यावरची फरशी कडेपेक्षा ४५ मिलिमीटर वर होती. ऐकायला दोन इंचही नाहीत. पण नऊ मीटर उंच रॅकचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडासा वर गेला, तरी वरचं टोक चांगलंच सरकतं. आणि त्या टोकावर टनभर वजनाची पॅलेट असते, आणि खाली काका असतात.

सगळ्यांना आधी वाटलं, काँक्रीट खराब. कोणी म्हणालं, खालची भरणी खचली. पण खचली तर फरशी खाली जायला हवी, वर कशी येईल? मी कॉम्प्युटरवाला. एफईला मेकॅनिक्सचा पेपर सुटला, तेवढंच माझं सिव्हिल. म्हणून कॉलेजच्या रूममेटला फोन लावला. तो सध्या मेट्रोच्या पाइलिंगवर आहे. त्याने एकच प्रश्न विचारला: "फरशीखालचं तापमान किती आहे?" मी आकडा शोधून सांगितला: उणे दोन. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "अरे, तुमच्याकडे सायबेरिया झालाय. हे फ्रॉस्ट हीव्ह आहे."

पाणी गोठलं की फुगतं, पण गोष्ट तेवढीच नाही

दहावीच्या विज्ञानात आपण पाण्याचं असंगत आचरण शिकलो. चार अंशांच्या खाली पाणी आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावतं आणि बर्फ झाला की साधारण ९ टक्के जास्त जागा घेतो. म्हणून थंड प्रदेशात पाण्याच्या नळ्या फुटतात. मलाही वाटलं, हेच झालं असणार: फरशीखालचा ओलावा गोठला, फुगला, फरशी उचलली.

पण हिशेब बसत नाही. मातीत पाणी समजा तीस-चाळीस टक्के. त्याचे ९ टक्के म्हणजे मातीच्या जाडीच्या तीन-साडेतीन टक्के. थंड देशांत मात्र याच्या कितीतरी पट उचल दिसते. अमेरिकेतला भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर याने १९२९-३० च्या सुमारास यावर एक झकास प्रयोग केला. मातीत पाण्याऐवजी त्याने बेंझिन घातलं. बेंझिन गोठताना पाण्यासारखं फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे मुख्य कारण फुगणं नव्हेच.

मग काय? तर ओढणं. बारीक मातीच्या कणांमध्ये केसासारख्या बारीक वाटा असतात. टिश्यू पेपरचं टोक चहात बुडवलं की चहा वर चढतो, तसंच जमिनीतलं पाणी या वाटांनी वर चढतं. जिथे माती गोठायला लागते तिथे बर्फाचा एक पातळ पापुद्रा बनतो, आणि तो खालचं पाणी स्वतःकडे ओढत राहतो. आलेलं पाणी तिथेच गोठतं, पापुद्रा जाड होतो, पुन्हा पाणी येतं. या थरांना आइस लेन्स म्हणतात. एकावर एक अशा लेन्स तयार होत जातात आणि वर जे काही असेल ते उचलतात, मग तो रस्ता असो, घराचा पाया असो की गोदामाची फरशी.

यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: शून्याखालचं तापमान, बारीक माती आणि पाण्याचा पुरवठा. जाड वाळू किंवा खडी असेल तर पाणी वर चढत नाही. एकदम चिकट मातीतून ते चढतं, पण फार हळू. सगळ्यात वाईट म्हणजे मधली, गाळासारखी माती. आता आपल्याकडचं बघा. भिवंडी-कल्याण पट्ट्यातली बरीच गोदामं जुन्या भातखाचरांवर मुरूम टाकून उभी आहेत. खाली बारीक माती, आणि पावसाळ्यात पाणी जवळजवळ जमिनीच्या वरपर्यंत. तीनपैकी दोन गोष्टी आपल्याकडे आधीपासून तयार आहेत. थंडी तेवढी आपण वीजबिल भरून आणतो.

इथे साहजिक प्रश्न येतो: फरशीखाली पफचा जाड थर असतो ना? असतो. पण इन्सुलेशन थंडी अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. उणे २२ अंशांचा हॉल वर्षानुवर्षं, दिवसरात्र चालू असतो. कडेच्या जमिनीला बाहेरून ऊब मिळत राहते, मधल्या जमिनीला ती लांब पडते. हॉल जितका मोठा, तितकी मधली जमीन एकटी. म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये फरशीखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाइप टाकतात आणि त्यांतून बाहेरची हवा खेळू देतात, किंवा खाली हीटरच्या तारा घालतात. ठाण्याच्या उकाड्यात जमीन गरम करायची व्यवस्था! पण ती लागते.

आमच्याकडेही असे पाइप होते. नऊ वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगवर 'एअर व्हेंट' म्हणून नीट दाखवलेले. पुढे कधीतरी ट्रक लावायचा रॅम्प वाढवला आणि एका बाजूची तोंडं काँक्रीटखाली गेली. दुसऱ्या बाजूला पावसाळ्यातला गाळ भरला. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती भोकं कशासाठी आहेत हे माहीत असलेला माणूसच तिथे उरला नव्हता.

माझी चूक: शून्यावर अडकलेला सेन्सर

फरशीखाली अर्धा मीटर खोल चार प्रोब होते. मी तीन वर्षांपूर्वी हे काम घेतलं तेव्हा मला ते विनोदीच वाटले होते. भिवंडीत जमिनीचं तापमान कशाला मोजायचं? तेव्हा तीन नंबरचा, म्हणजे मध्यावरचा प्रोब नऊ अंश दाखवायचा. मग हळूहळू सात, पाच, तीन. दोनच्या खाली गेल्यावर अलर्ट सुरू झाले. मॅनेजरचा फोन आला, "हे काय रोज वाजतंय? हॉल तर बरोबर उणे बावीसवर आहे." मी ग्राफ उघडला. दसऱ्यापासून रेषा सरळ आडवी होती. ०.०, ०.०, उणे ०.१, ०.०. महिना उलटला तरी हलत नव्हती.

कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, सरळ आडवी रेषा आणि तीही शून्यावर म्हणजे काय? सेन्सर मेला. मी नियम लिहिला: तीस दिवसांत अर्धा अंशही हलला नाही, तर सेन्सरवर 'खराब' शिक्का मारा आणि कोणी हाताने काढेपर्यंत अलर्ट बंद ठेवा. टेस्ट केला, चालला, मॅनेजर खूश.

तो सेन्सर मेलेला नव्हता. तो अगदी खरं बोलत होता.

पुन्हा दहावी: अप्रकट उष्मा. एक किलो पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, साधारण तेवढीच उष्णता शून्य अंशाच्या त्याच पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करायला काढावी लागते. आणि ती निघून जात असताना तापमान हलत नाही. ओली माती गोठताना शून्यापाशी येऊन आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही थांबते. पर्माफ्रॉस्टचा अभ्यास करणाऱ्यांकडे या थांबण्याला नावही आहे: झीरो कर्टन, शून्याचा पडदा. माझ्या ग्राफवर तो पडदा दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंत होता. त्याच काळात खाली बर्फाचे थर बनत होते आणि फरशी मिलिमीटर-मिलिमीटरने वर येत होती. पुढे रेषा उणे एक, उणे दोन अशी खाली गेली, पण शिक्का बसलेला होता, त्यामुळे अलर्ट गेलाच नाही. काकांच्या गाडीला कळलं, माझ्या सर्व्हरला नाही.

जिथे जमीन कायमच गोठलेली असते

आमचं दुखणं जमीन गोठण्याचं होतं. सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा या भागांत ते बरोबर उलटं आहे. तिथली जमीन आधीच गोठलेली असते आणि इंजिनिअरची धडपड असते ती तशीच ठेवायची. सलग किमान दोन वर्षं शून्य अंश किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिचा वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात गोठतो, त्याखालची जमीन मात्र तशीच असते, काही ठिकाणी शेकडो मीटर खोलपर्यंत.

गोठलेली जमीन काँक्रीटसारखी टणक असते. मग घर बांधायला अडचण काय? घर स्वतःच. आत माणसं राहतात, हीटर लावतात, ती ऊब फरशीतून खाली जाते, खालचा बर्फ वितळतो, टणक जमिनीचा चिखल होतो आणि घर स्वतःच्याच उबेने खचतं. म्हणून रशियातल्या याकुत्स्क शहरात मोठ्या इमारती खांबांवर उचललेल्या दिसतात. खाली मोकळी जागा, आणि त्यातून हिवाळ्याचा उणे ४० अंशांचा वारा वाहतो. आपल्याकडच्या स्टिल्टमध्ये गाड्या लावतात, तिथे थंडी लावतात.

रूममेटने सांगितलेला एक फरक मला फार आवडला. त्याचा मेट्रोचा पाइल माती, चिखल सगळं पार करून खालच्या काळ्या कातळावर जाऊन टेकतो. भार कातळ घेतो. याकुत्स्कसारख्या ठिकाणी बऱ्याचदा कातळ फार खोल असतो, म्हणून गोठलेल्या जमिनीत भोक पाडून खांब उभा करतात आणि भोवतीची भर गोठू देतात. बर्फच खांबाला धरून ठेवतो, गोंदासारखा. पण हा गोंद तापमानावर चालतो. उणे पाच अंशांना पकड घट्ट, उणे अर्ध्या अंशाला बरीच सैल. म्हणजे जमीन वितळायचीही गरज नाही, थोडी उबदार झाली तरी खांब सरकायला लागू शकतो. हवामान बदलाच्या बातम्यांतला 'दोन अंशांचा फरक' ऐकून आपण खांदे उडवतो ना, त्याचा अर्थ मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

२९ मे २०२० रोजी रशियातल्या नोरिल्स्क शहराजवळ एका वीज केंद्राची डिझेलची टाकी फुटली आणि २० हजार टनांहून जास्त डिझेल बाहेर आलं. नद्या लाल झाल्याचे फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होते. टाकीखालचे खांब खचले होते. कंपनीने पर्माफ्रॉस्ट वितळण्याकडे बोट दाखवलं, सरकारी चौकशीत डिझाइन आणि बांधकामातले दोषही पुढे आले. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडेही जमीन होती, बुजलेले पाइप होते आणि माझा नियम होता. एकट्याने कोणीच एवढं करू शकलं नसतं.

तुमच्या फोनमधली नळी, अलास्कातली नळी

आता तुमच्या हातातल्या वस्तूकडे या. गेमिंग फोनच्या जाहिरातीत 'व्हेपर चेंबर कूलिंग' वाचलं असेल. ती तांब्याची चपटी, बंद डबी असते आणि आत अगदी थोडं पाणी. प्रोसेसर तापला की तिथलं पाणी वाफ होतं, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि उष्णता तिथे सोडते. ना पंखा, ना मोटर. हेच तत्त्व नळीत वापरलं की तिला हीट पाइप म्हणतात. पाणी परत येण्यासाठी आतल्या बाजूला जाळीसारखं अस्तर असतं, ते पाण्याला टिश्यू पेपरसारखं ओढून आणतं. म्हणून फोन उभा धरा, आडवा धरा, काम चालू राहतं.

अलास्कातली तेलाची मोठी पाइपलाइन १९७७ मध्ये सुरू झाली. लांबी सुमारे १,३०० किलोमीटर, त्यातली जवळजवळ निम्मी जमिनीपासून वर, खांबांवर. आतलं तेल गरम, खाली पर्माफ्रॉस्ट. गरम तेलाची ऊब खांबांतून जमिनीत उतरली तर खांब खचणार. म्हणून तिथल्या बहुतेक खांबांमध्ये हीट पाइप बसवले आहेत, एकूण सव्वा लाखाच्या आसपास. आत पाण्याऐवजी अमोनिया. जमिनीतली ऊब अमोनियाची वाफ करते, वाफ वर जाते, वरच्या पंख्यांसारख्या पात्यांना हिवाळ्याची हवा लागते, वाफेचं द्रव होतं आणि गुरुत्वाकर्षणाने नळीतून खाली ओघळतं.

फोन आणि अलास्का यांत फरक एकच, पण सगळी गंमत त्यात आहे. इथे द्रव खाली आणायला गुरुत्वाकर्षणच आहे, म्हणून ही नळी फक्त खालून वर उष्णता नेते. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा थंड असते तेव्हा ती जमिनीतली ऊब बाहेर फेकते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम झालं की वाफेचं द्रव होतच नाही आणि नळी आपोआप बंद पडते. डायोडसारखी. बाहेरची गरमी खाली जातच नाही. हिवाळ्यात साठवलेली थंडी उन्हाळाभर पुरवायची, तीही विजेचा एक युनिट न वापरता. एवढं सुंदर 'इफ-एल्स' मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

आपल्याकडच्या लोकांनीही ही थंडी झेललेली आहे, आणि तो कारभार चालतो आपल्या शेजारून, गोव्यातल्या वास्कोमधून. तिथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे भारताच्या अंटार्क्टिकातल्या तळांची जबाबदारी आहे. पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये बर्फाच्या थरावरच उभारला. काही वर्षांत तो बर्फात गाडला जायला लागला आणि १९९० मध्ये बंद करावा लागला. दुसरा तळ मैत्री, १९८९ पासून, खडकाळ जमिनीवर आणि खांबांवर उचललेला. तिसरा भारती, २०१२ चा, १३४ शिपिंग कंटेनर जोडून बनवलेला आणि तोही खांबांवर. वाऱ्याने आणलेला बर्फ भिंतीला साचून न राहता खालून निघून जावा आणि आतली ऊब जमिनीला लागू नये, हे दोन्ही त्या खांबांनी साधतं.

मग आमच्या फरशीचं काय झालं?

मला वाटलं होतं, हॉल बंद करू, दोन-चार हीटर लावू, आठवड्यात बर्फ जाईल. रूममेट ओरडलाच. आइस लेन्सच्या रूपात मातीने स्वतःत मावेल त्यापेक्षा जास्त पाणी ओढलेलं असतं. ते एकदम वितळलं तर जमिनीचा रबडा होतो, आणि आता वर आलेली फरशी उद्या वेडीवाकडी खाली बसते. म्हणजे उलटा रोग. वितळवायचं, पण हळू.

आधी मधल्या तीन रांगा रिकाम्या केल्या. रॅम्पच्या बाजूचं काँक्रीट फोडून पाइपांची तोंडं मोकळी केली, दुसऱ्या बाजूने पाण्याचा जेट मारून गाळ काढला. एका पाइपातून उंदरांचं आख्खं घरटं निघालं. मग एका टोकाला ब्लोअर लावून बाहेरची हवा सोडायला सुरुवात केली. हीटर नाही, फक्त ठाण्याची हवा. ती आमच्याकडे फुकट आहे आणि जमिनीच्या मानाने भरपूर गरम आहे. पाइपांच्या तोंडांवर जाळ्या आल्या, आणि रॅम्पजवळ पाटी लागली: 'ही भोकं बुजवू नयेत'. खाली का ते दोन ओळींत लिहिलंय. ती पाटी लावायचा हट्ट मी धरला.

माझा 'खराब सेन्सर'चा नियम जमिनीखालच्या प्रोबसाठी काढून टाकला. आता तिथे उलटा नियम आहे: रेषा शून्याच्या आसपास सपाट झाली, की मॅनेजरला आणि मला दोघांनाही फोन, आणि तो म्यूट होत नाही. शिवाय चालकांसाठी ॲपमध्ये एक बटण टाकलंय: 'फरशीत काहीतरी वेगळं वाटतंय'. काकांनी पहिल्या आठवड्यात ते अकरा वेळा दाबलं. त्यातल्या दोन जागी सर्व्हेयरला खरंच फरक मिळाला.

तीन नंबरचा प्रोब उणे दोनवरून वर आला आणि पुन्हा शून्यापाशी अडकला. अपेक्षितच होतं, वितळतानाही तोच पडदा लागतो, तेवढीच उष्णता आता परत द्यायची असते. सात महिने तिथेच होता. गेल्या रविवारी सकाळी लोकलमध्ये बसून डॅशबोर्ड उघडला तर ०.६ दिसलं. फरशी ४५ वरून १९ मिलिमीटरवर आली आहे, रॅकच्या पायांखाली पातळ लोखंडी पट्ट्या घालून ते सरळ केलेत. काकांना विचारलं, तर म्हणाले, "अजून चढते साहेब, पण आता कमी."